आधी चिंच, मग सोडा

आबा,

तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घरात गॅस पेटवला. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते. तुमच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, एव्हाना भावकीतल्या घराघरांत सांगून टाकलंय की आमच्या भावाच्या सुनेनं सुतकात चूल पेटवली. पेटवली. चहा करायला नाही, कालवण टाकायला नाही. तुमचे नऊ चमचे धुवायला उकळतं पाणी लागत होतं, म्हणून पेटवली. परत वेळ आली तर परत पेटवीन.

चमचे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्याला वाटेल ही बाई जेवणाच्या चमच्यांसाठी भांडली. चमचे म्हणजे तुमचे खोटे मासे. जुन्या रेडिएटरची पितळी टाकी कापून बोटभर लांबीचं पान काढायचं, लाकडाच्या खोलगट ठोकळ्यावर ठोकून त्याला पोट आणायचं, दोन्ही टोकांना तांब्याच्या तारेच्या कड्या सोल्डर करायच्या आणि एका कडीला गळ लावायचा. धरणाच्या पाण्यातून ओढलं की ते लटपटत, चमकत येतं, आणि मरळीला वाटतं की एखादा लहान मासा जखमी होऊन पळतोय. ती झडप घालते आणि फसते. तुम्ही म्हणायचात, "मरळ हावरट असती, पर येडी न्हाई. चमक खोटी दिसली तर त्वांड फिरिवती."

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचं पौडच्या रस्त्यावरचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान बंद झालेलं होतं. नव्या गाड्यांना प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, त्यांना सोल्डरचा डाग मारता येत नाही, फुटला की फेकायचा. दुकान गेलं पण दुकानाचा सगळा संसार तुम्ही मागच्या पडवीत मांडला होता. तांब्याच्या डोक्याचं इस्त्रीसारखं जड सोल्डरिंगचं हत्यार, पितळेचा ढीग, काळ्या बाटलीतलं ॲसिड. त्या ॲसिडमध्ये जुन्या सेलचं जस्त कापून टाकायचं, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघायची, आणि मग ते 'मारलेलं ॲसिड' कोंबडीच्या पिसाने सांध्यावर लावायचं. ते लावलं की कथील पितळेवर आपसूक पसरतं. नाही लावलं तर गोळी होऊन घरंगळतं.

पण हे मारलेलं ॲसिड पुरतं मरत नाही. सांधा झाल्यावर पितळेवर त्याचा चिकट थर उरतो. तो हवेतलं पाणी ओढून घेतो, आधी पांढरा फुलतो, मग हिरवा होतो, गळ गंजवतो आणि शेवटी कडीच ढिली करतो. आपल्या मुळशीच्या पावसाळ्यात, जिथं कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, तिथं त्याला फार दिवस लागत नाहीत. "आसिड रातीला ठिवायचं न्हाई," हा तुमचा नियम होता. आपण दोघं बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडलो, पण ह्या एका वाक्यावर कधी भांडलो नाही.

तुम्ही गेलात त्या शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून तुम्ही सकाळीच बसलात. एरवी तुम्ही दुपार कलल्यावर सोल्डर करायचात. मला कितीतरी दिवस वाटायचं की तुम्हाला दुपारची झोप प्रिय आहे म्हणून उशीर होतो. मग एकदा लक्षात आलं की माझी कंपनीची कॅब हिंजवडीहून सहाच्या सुमाराला फाट्यावर सोडते, आणि तुमचं काम बरोबर त्याच वेळेला धुण्याच्या टप्प्यावर आलेलं असतं. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम सकाळी बसला असतात.

तर शनिवारी नऊ चमच्यांच्या अठरा कड्या तुम्ही लावल्या, स्टीलच्या ताटात मांडल्या आणि उठलात. "च्या घिऊ, मंग धुऊ," म्हणालात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तुम्ही छातीवर हात ठेवलात आणि भिंतीला टेकून बसलात. मी गाळणं हातात घेऊन तशीच उभी होते. त्या सकाळबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

मग घर माणसांनी भरलं. तीन दिवस चूल बंद. शेजारून पिठलं-भाकरी येत होती, चहा थर्मासमधून येत होता, आंघोळी गार पाण्याच्या. मी माणसांना पाणी देत होते, पाया पडत होते, कोण कधी आलं याची उत्तरं देत होते. ताट पडवीत आहे हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. माझ्या, आबा! जिने तुमचं ॲसिड एक तासही जास्त ठेवू दिलं नसतं, तिच्या.

सोमवारी पुरुषमंडळी सावडायला घाटावर गेली. बायका ओसरीवर बसलेल्या. आणखी एक सतरंजी हवी म्हणून मी पडवीचं दार उघडलं आणि ताट दिसलं. सगळ्या नऊ चमच्यांवर कड्यांभोवती पांढरी खपली फुलली होती. दोन-तीन चमच्यांवर हिरवट कडा दिसायला लागली होती. बाहेर पाऊस, पडवीत ओल. दहाव्याला अजून सात दिवस, तेराव्याला दहा. तेरावं होईपर्यंत हात लावायचा नाही म्हटलं तर उरलं काय असतं? तुमच्या हातची शेवटची वस्तू, आणि ती कुजायला ठेवून मी बाहेर बसून रडायचं. मला ते जमणार नव्हतं.

मी मोठं पातेलं घेतलं, पाणी भरलं, खाण्याचा सोडा टाकला आणि गॅस पेटवला.

आवाजाने आक्का आत आल्या. "अगं बये, गॅस कुनी पेटिवला? तीन दिस चूल बंद असती घरात. ठावं न्हाई व्हय तुला?"

"ठावं हाय, आक्का. जेवाण न्हाई करत. आबांचं काम ऱ्हायलंय, ते करतीया."

"गेलेल्या मान्साचं कसलं काम?"

"धुवायचं."

आक्कांनी ताटात पाहिलं. त्यांना आधी वाटलं मी घरातले दागिने धुतेय. मग कळलं तेव्हा त्या जास्तच भडकल्या. "मासं धरायचा गळ? सुतकात? आगं, बाप्ये तिकडं राख सावडत्यात आन् तू हितं गळ घासतीस?"

"उकळतं पाणीच लागतं ह्याला."

"मंग शेजारी घिऊन जा पातेलं."

"सुतकाच्या घरातलं पातेलं शेजारची कोन चुलीवर ठिवून घील, आक्का? तुमी घेतलं असतं?"

उत्तर नसलं की आपल्या घरात माणसं आवाज वाढवतात, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आक्कांनी आवाज वाढवला. ओसरीवरच्या बायका दारात जमल्या. मी चिमट्याने एकेक चमचा पाण्यात सोडत राहिले. राग आला की माझ्या हाताला काम लागतं, आणि तुमचा कान लाल व्हायचा.

आता इथे थांबून मला एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. तुम्ही असताना केली असती तर बरं झालं असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तुम्हाला पहिल्यांदा चमचे धुताना पाहिलं. तुम्ही कोळलेल्या चिंचेत ते बुडवून, राखेने घासून, घागरीतल्या पाण्याने खळखळून काढत होतात. मला हसू आलं. मी आयटीआय केलेली, हिंजवडीत सर्किट बोर्ड दुरुस्तीच्या लाइनवर बसणारी, दिवसभर भिंगाखाली सोल्डर करणारी पोरगी. आमच्याकडे सोल्डरचा मळ स्पिरिटने काढतात. मऊ ब्रश, दोन थेंब, काम झालं. मी म्हटलं, "आबा, चिंच काय, राख काय! भांडी घासताय का?" पुढच्या रविवारी मी स्पिरिटची बाटली विकत आणली आणि तुमचे आठ चमचे तुमच्यासमोर पुसून दाखवले. लखलखले. तुम्ही एक उचलला, उजेडात धरला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि जिभेला लावला. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "बरं."

मला तेव्हा तो 'बरं' होकार वाटला. चव घेऊन तुम्हाला कळलं होतं, सांध्यावर अजून खारट-आंबट उरलंय. आमच्या लाइनवरचा मळ राळेचा असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो. तुमचा जस्ताचा खार, तो स्पिरिटला दाद देत नाही. स्पिरिट वरची धूळ-तेल काढून नुसती चमक आणतं. शिकलेली मी, आणि दोन वेगळ्या गोष्टी एकच समजून बसले, कारण दोन्हींना आम्ही एकच नाव देतो, फ्लक्स. पंधरा दिवसांत तारेवर टांगलेले ते चमचे पांढरे पडले, मग हिरवे. मी ते पाहिलं. तुम्ही मला पाहताना पाहिलं. मग मी कंपनीतल्या जुन्या माणसाला विचारलं, वाचलं, आणि पुढच्या वेळी सोडा घेऊन आले. जणू काही मी पहिल्यापासून सोड्याचंच म्हणत होते, अशा थाटात. तुम्ही परत म्हणालात, "बरं."

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. आधी चिंच की आधी सोडा? मी म्हणायचे, आंबटावर आंबट ओतून काय होणार, आधी सोड्याच्या उकळत्या पाण्याने ॲसिड मारा, मग चकाकीसाठी हवी तर चिंच लावा. तुम्ही म्हणायचात, "न्हाई. आधी चिंच, मंग तुजा सोडा." का, ते सांगायचा नाहीत. "माज्या गुरूनं असंच शिकिवलंय" ह्यावर गाडी अडायची. म्हणून आपण चमचे वाटून घेतले. अर्धे माझ्या पद्धतीचे, अर्धे तुमच्या. आणि दोन्ही छान निघायचे! कुणीच हरायचं नाही. कितीतरी पावसाळे आपण हे भांडण आनंदाने चालवलं. आई नवऱ्याला आणि सुनेला एकदमच म्हणायच्या, घरातली सगळी चिंच पितळ खातंय, आमटीला काही राहत नाही.

तर सोमवारी मी अर्थातच आधी सोडा टाकला. माझी पद्धत. दहा मिनिटं उकळलं, एक चमचा काढला, टूथब्रशने घासला. खपली तशीच. आणखी दहा मिनिटं. आणखी घासलं. खपली जास्तच घट्ट बसल्यासारखी. आक्का दारातून बघत होत्या. "निघंना व्हय?" म्हणाल्या. त्या एका प्रश्नात त्यांनी माझा सगळा माज उतरवला, आणि मी ब्रश इतका जोरात घासला की त्याचे केस वाकडे झाले.

तेव्हा आतल्या खोलीतून आई उठून आल्या. तीन दिवस त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. पाणी प्या म्हटलं तर पीत, पडा म्हटलं तर पडत. त्या गॅसपाशी आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "आधी चिंच. त्ये कायम आधी चिंच म्हनायचे."

मी म्हटलं, "चिंच कुटं हाय?"

"माळ्यावरल्या बरनीत. तुजा हात न्हाई पोचायचा. सरक."

त्यांनी स्वतः स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, बरणी काढली. आक्का म्हणाल्या, "आगं, तू तरी! तुजा नवरा गेलाय." आई म्हणाल्या, "माज्याच नवऱ्याचं हाय हे. मला ठावं हाय कुनाचं हाय ते." आणि त्यांनी भांड्यात चिंच टाकली, त्यावर गरम पाणी ओतलं आणि हाताने कोळायला बसल्या. आक्का पदर तोंडाला लावून ओसरीवर जाऊन बसल्या. त्यांनी जे केलं ते त्यांच्या समजुतीने भावासाठीच केलं, हे मला आज कळतं. त्या दिवशी कळलं नाही आणि मी त्यांना हाकही मारली नाही.

चिंचेच्या कोळात पाच मिनिटं ठेवलेल्या चमच्यावरून खपली बोटाने सुटली. नुसत्या बोटाने, आबा! ब्रशसुद्धा लागला नाही. तेव्हा मला समजलं की आपलं भांडण का मिटत नव्हतं. आपण त्याच दिवशी धुवायचो. ताजा मळ कशानेही जायचा, चिंचेनेही आणि सोड्यानेही. तीन दिवस हवा खाल्लेला मळ खपली धरतो, आणि ती खपली आंबटानेच सुटते. मग उरलेलं आंबट मारायला सोडा, मग साधं पाणी. तुमच्या गुरूला हे ठाऊक होतं, कारण दुकानात मेलेले, महिनोनमहिने पडलेले रेडिएटर यायचे. आधी चिंच. तुम्ही बरोबर होतात. घ्या, लिहून दिलं. एवढं ऐकायला तुम्ही थांबायला हवं होतं.

आईंनी आणि मी मिळून नऊच्या नऊ धुतले. चिंच, मग सोडा, मग तीन वेळा उकळतं पाणी. सांध्यात पाणी राहू नये म्हणून कापडाने टिपून तव्यावर कोमट केले. शेवटी मी एक उचलला आणि जिभेला लावला. आई घाबरून म्हणाल्या, "अगं ए!" काही चव नव्हती. पितळेची असते तेवढीच.

संतोष घाटावरून आला तेव्हा गॅस विझला होता, पण पातेलं गरम होतं आणि आक्कांनी त्याला दारातच गाठलं होतं. तुमचा मुलगा तुमच्यासारखा ओरडत नाही, तो गप्प बसतो. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लोकांपुढं मान खाली गेली माझी." मी म्हटलं, "वर कर. मी काही चोरी केलेली नाही." आमचं हे अजून पुरतं मिटलेलं नाही, आणि मिटवायला तुम्ही नाही. पूर्वी आम्ही भांडलो की तुम्ही पडवीतून हाक मारायचात, "रूपाली, हितं जरा धर गं." धरायला काहीच नसायचं. मी यायचे, तुम्ही एक पितळी पान हातात द्यायचात, मी ते धरून उभी राहायचे आणि माझा राग उतरायचा. सासऱ्याने सुनेची समजूत काढायची ही पद्धत मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिली नाही. त्यासाठी तुम्हाला धन्यवाद म्हणायचं राहून गेलं. आपल्यात धन्यवाद म्हणायची पद्धत नाही, पण राहून गेलं हेही खरं.

पाचव्या दिवशी रमजानभाई भेटायला आले. पौडच्या बाजारातले तुमचे रमजानभाई, पाण्यावरचे तुमचे जोडीदार. ओसरीवर बसले, टोपी हातात घेऊन नुसतीच फिरवत राहिले. मी चमचे दाखवले. त्यांनी एकेक सांधा नखाने खाजवून पाहिला आणि म्हणाले, "बराबर धुतलंस, बेटा. त्या सालासारखं न्हाई."

"कुठल्या सालासारखं?"

ते चपापले. मग म्हणाले, "आता सांगायला काय हरकत न्हाई. तू त्या बाटलीतल्या पान्यानं धुतलं हुतंस बघ, त्यातल्याच एका चमच्याला आबाच्या गळाला लई मोठी मरळ लागली हुती. हाताएवढी न्हाई, पायाएवढी. काठापतूर आनली आन् कडी निखळली. मासा गेला. मी म्हनलं, सूनबाईला सांग घरी जाऊन. तर म्हनला, खबरदार. गाठ सुटली म्हनून सांगायचं."

गाठ सुटली. आठवतं ना? तुम्ही भिजून घरी आलात आणि आईंना सांगितलंत की दोऱ्याची गाठ सुटली. आणि मी, शहाणी, तुम्हाला म्हणाले, "आबा, वय झालं आता, गाठ नीट बसत नाही तुमची." तुम्ही कान लाल करून घेतलात आणि जेवायला बसलात.

रमजानभाई गेल्यावर मी पडवीत जाऊन रडले. पहिल्यांदा नीट रडले. आणि रडता रडता मला तुमचा भयंकर राग आला. का नाही सांगितलंत? सुनेची चूक सुनेला सांगायची नाही, ही कुठली सभ्यता? तुम्ही मला शिकलेली म्हणून सांभाळलंत की बाईमाणूस म्हणून? रमजानभाईंनी ती चूक केली असती तर तुम्ही अख्ख्या बाजारात ओरडून सांगितली असतीत. मला तो मान हवा होता, आबा, ओरडून घ्यायचा. तुमची माया मला कळते, मी काही दगड नाही. पण त्या मायेपायी मी इतकी वर्षं तुम्हाला गाठ येत नाही असं समजत राहिले. माझी चूक होती. स्पिरिटची चूक माझी, मासा माझ्यामुळे गेला, आणि गाठीवरून बोलले तेही चुकलं. आता फिट्टंफाट म्हणणार नाही मी, कारण फिटलेलं नाही.

आणि ह्याच रागातून दुसरी गोष्ट वर आली. मी तुमचे किती चमचे धुतले असतील? मोजले नाहीत. पण पाण्यावर मला तुम्ही एकदाही नेलं नाहीत. मी एकदा सरळ विचारलं होतं. तुम्ही पितळ कापत होतात. "बाईमाणसानं तितं काठी घिऊन उभं ऱ्हायचं न्हाई. लोक बघत्यात."

मी म्हटलं, "हिंजवडीत मी हजार पुरुषांच्या मधनं रोज जाते-येते. तिथं नाही का बघत?"

"तितं तुला कोन वळखतं?" तुम्ही म्हणालात, आणि परत कात्री चालवायला लागलात.

ह्याला मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरंच होतं ते. तिथे मी गळ्यातल्या कार्डावरचा एक नंबर आहे. इथे मी तुमची सून आहे, संतोषची बायको, जांबे गावची लेक. तिथे मी काय करते त्याने कुणाचं नाव जात नाही. इथे मी काठी धरली तर तुमचं जातं. मी विषय सोडला, पण पटलं म्हणून नव्हे, उत्तर नव्हतं म्हणून. ते भांडण तुम्ही जिंकलेलं नव्हतं, ते अर्ध्यावर होतं.

तेराव्याला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर आक्कांनी सुचवलं की ते चमचे आता तुमच्या फोटोखाली चौकटीत लावावेत, मागे लाल मखमल घालून. बघा, आक्कासुद्धा विरघळल्या! संतोषला पसंत पडलं. नातेवाइकांना पसंत पडलं. माणूस गेला की त्याची हत्यारं भिंतीवर लावायची आणि वर हार घालायचा, त्यात सगळ्यांनाच बरं वाटतं. मी म्हटलं, नाही. मखमलीत लावायचे असते तर मी सुतकात गॅस कशाला पेटवला असता? हिरवे काय, पांढरे काय, चौकटीत काचेआड काय फरक पडला असता! मी त्यांचे सांधे वाचवले ते ओढ सोसायला. कडी घट्ट आहे की नाही ते भिंतीला कधी कळणार नाही.

"मंग वापरनार कोन?" आक्कांनी विचारलं.

संतोषला पाण्याची आवड नाही, तुम्हाला माहीत आहे. रमजानभाईंचे गुडघे गेले. मी म्हटलं, "मी."

पंगत उठलेली होती, बायका भांडी आवरत होत्या, त्या हातातली भांडी तशीच धरून वळल्या. संतोष माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं नाही.

काल रविवार होता. मी तुमची काठी आणि रीळ घेतलं, त्या नऊमधला एक चमचा घेतला, त्याला नवीन गळ लावला आणि निघाले. आई दारात आल्या. त्यांनी माझ्या ओढणीची गाठ मागे नीट बांधून दिली आणि म्हणाल्या, "जा. त्येंनी आता व्हय म्हनलं असतं बघ. वरनं बघत असत्याल, खुश असत्याल."

त्यांना तसं वाटू दे. पण तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही. माणूस गेला की लोक त्याच्या तोंडात आपल्याला हवं ते घालतात. सोयीचं असतं, तो उलट बोलत नाही. मी तसं करणार नाही. तुम्ही होय म्हणाला नसतात, आबा. तुमचा कान लाल झाला असता, तुम्ही काठी माझ्या हातातून काढून घेतली असतीत आणि दोन दिवस पडवीत मला हाक मारली नसतीत. तुम्ही होतात तसेच मला हवे आहात. मऊ करून, पुसून, गोड करून नकोत.

तुम्ही जिथे उभे राहायचात त्या खडकावर मी उभी राहिले. पाऊस उघडला होता. वरच्या रस्त्यावर लवासाकडे जाणाऱ्या दोन गाड्या थांबल्या, कुणीतरी मोबाइल काढला. पलीकडच्या बांधावर म्हशी घेऊन चाललेले गावातले नाना थबकले, त्यांनी मला ओळखलं आणि आणखी दोघांना हाक मारून दाखवलं. बघू देत. इथे मला सगळे ओळखतात, आणि म्हणूनच इथे उभं राहायचं होतं. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आता सापडलं आहे, हे असं.

पहिली फेक वाईट गेली. चमचा समोर जायच्या ऐवजी बाजूला पाण्यात पडला, बांधावरून हसू ऐकू आलं. मी रीळ गुंडाळलं. मासा नव्हता. चमचा वर आला, पिवळाजर्द, पाणी गळत. दोन्ही कड्या जागच्या जागी.

वर रस्त्यावरचे लोक पांगले नव्हते. नाना ओरडले, "सूनबाई, आबांनी हे चालू दिलं असतं का गं?"

"न्हाई," मी ओरडून सांगितलं, आणि परत फेकला.